कार्ड फुल

गिरणीच्या फाटकातून आत पाऊल टाकायच्या आधीच कमलचं डोकं तापलं होतं. स्टुडिओच्या मालकांनी, शामरावांनी, कॅमेऱ्याची दोन मोठी मेमरी कार्डं देतो म्हणून कबूल केलं होतं आणि सकाळी स्टुडिओतून निघताना हातावर ठेवलं एकच. दुसरं त्यांनी परस्पर शीव कोळीवाड्यातल्या एका हळदीच्या ऑर्डरला पाठवून दिलं होतं. भरपाई म्हणून त्यांनी ड्रॉवरच्या तळातून एक जुनं, अगदीच लहान कार्ड काढून दिलं आणि वर एक डबा दिला.

डबा म्हणजे तळहाताएवढी हार्ड डिस्क. तिच्या पाठीवर बारीकसा पडदा. कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं की ते डब्याच्या फटीत खुपसायचं, फोटो डब्यात उतरायचे, मग कार्ड पुसून पुन्हा कॅमेऱ्यात घालायचं. रोल विकत घ्यायचे दिवस गेले, आता कितीही काढ, असं शामराव हसत म्हणाले. कमलला हसू आलं नाही. ती रोलच्या दिवसांतच तयार झाली होती. गिरण्यांचा संप लांबला, घरात खायचे वांधे झाले, तेव्हा शाळा सोडून ती दादरच्या या स्टुडिओत चिकटली होती; आधी फोटोंच्या कडा कापायला, मग धुवायला, मग काढायला. रोल संपत आला की कॅमेरा सांगायचा आणि दुसरा रोल पिशवीत असायचा. त्यात समजण्यासारखं होतं. या नव्या कॅमेऱ्याला मात्र जागा कधी संपेल ते स्वतःलाच नीट माहीत नसावं असं तिला वाटायचं.

आजचं काम साधं नव्हतं. लालबागची ही गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती, आता जमीन विकली गेली होती आणि आतले जुने साचे, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, भंगारात तोडायला ठेकेदार यायचा होता. गिरणगावचा इतिहास गोळा करणाऱ्या एका संस्थेतल्या मृणालिनीने व्यवस्थापनाच्या पायऱ्या झिजवून एका दिवसाची परवानगी काढली होती. जुन्या कामगारांनी आत यावं, ज्याने त्याने आपापल्या साच्यापाशी उभं राहावं, फोटो काढून घ्यावा. प्रत्येकाला एक प्रत घरी मिळणार होती आणि निवडक फोटो मोठे करून प्रदर्शन लागणार होतं. हे काम कमलकडे आलं, कारण तिचे वडील गुणाजी याच गिरणीत विणकाम खात्यात होते.

गुणाजी यायला तयार नव्हते. संपाच्या वेळी ते बाहेर राहिले ते राहिलेच. पुढे संप मोडला, थोड्या लोकांना परत घेतलं, त्यात त्यांचं नाव नव्हतं. मग त्यांनी एका गोदामावर राखणीचं काम धरलं आणि तिथेच म्हातारे झाले. पण खरी गाठ वेगळीच होती. त्यांच्या शेजारचे साचे चालवणारा कुशाबा, मालवणाकडचा, त्यांच्याच वाडीतला, संप चालू असतानाच फाटकातून आत गेला होता. घरात तीन पोरं आणि आजारी बायको, असं त्याचं म्हणणं. आत गेल्यावर त्याला गुणाजींचे साचेही चालवायला दिले गेले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. चाळी समोरासमोर, दूधवाला एकच, तरी वाटेत भेटले की एकजण पलीकडच्या फुटपाथला जायचा.

शेवटी मीराबाईने, कमलच्या आईने, नवऱ्याला समजावलं. पोरगी एवढा जड कॅमेरा घेऊन एकटी जाणार, तुम्ही निदान तिची पिशवी धरा, असं ती म्हणाली. पिशवी धरायला म्हणून गुणाजी आले.

फाटकावरच्या सुपरवायझरने आत जाताना दोन गोष्टी बजावल्या. एक म्हणजे आतल्या खात्यांत वीज नाही. दुसरी, जो बाहेर जाईल त्याला परत आत घेतलं जाणार नाही. मृणालिनीने मान डोलावली. कमलने डब्याच्या बॅटरीचा दिवा बघितला, तो हिरवा होता, आणि ती आत गेली.

विणकाम खात्यात शिरल्यावर तिचा राग जरा निवला. वरच्या काचांतून उजेड तिरपा येत होता, साच्यांच्या रांगा धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या आणि एका साच्यावर अर्धवट विणलेलं कापड अजून तसंच होतं. मृणालिनीने सांगितलं होतं, भिंतीएवढे मोठे करायचे आहेत, तेव्हा सगळ्यात भारी दर्जाचे काढा. कमलनेही मग हात आखडला नाही. रिकाम्या रांगा, छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, भिंतीवर कोणीतरी खडूने लिहिलेल्या पाळ्यांच्या वेळा, सगळं तिने भारी दर्जात टिपलं. मग माणसं येऊ लागली. कुणी धुतलेला शर्ट घालून आलं होतं, कुणी सून-नातवंडांना घेऊन. आपला साचा सापडला की माणूस आधी हाताने धूळ पुसायचा आणि मगच उभा राहायचा. डोळे मिटले म्हणून दुसरा, बायको बाजूला हवी म्हणून तिसरा, नातू हलला म्हणून चौथा. कुणाला नाही म्हणायचं कारणच नव्हतं.

सकाळ सरायच्या आत कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरं आली: कार्ड फुल.

कमलने सगळ्यांना जरा थांबायला सांगितलं, एका दगडी कट्ट्यावर बसली आणि कार्ड डब्यात घातलं. पडद्यावर एक बारीक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जाऊ लागली. ती इतकी सावकाश सरकत होती की बघणाऱ्याला झोप यावी. माणसं भोवती जमली. डब्यात काय चाललंय, फोटो कुठे जातात, मग कार्डात काय उरतं, असे प्रश्न सुरू झाले. पट्टी जवळजवळ शेवटाला पोचली आणि पडदा काळा झाला.

तिने बटण दाबलं, धरून ठेवलं, परत दाबलं. काहीच नाही. सकाळी हिरवा असलेला बॅटरीचा दिवा आता कुठल्याच रंगाचा नव्हता.

तिने लहान कार्ड कॅमेऱ्यात घातलं. कॅमेऱ्याने ते ओळखायलाच नकार दिला. काढून, त्याची सोनेरी पट्टी ओढणीने पुसून परत घातलं. परत नकार. मग तिने फाटकावरच्या केबिनकडे धाव घेतली. तिथे पंखा चालू होता, म्हणजे वीज होती. भिंतीवर प्लगही होता. डबा थोडा वेळ लावू द्या, एवढंच तिने मागितलं. सुपरवायझर म्हणाला की परवानगी फोटो काढायची आहे, वीज वापरायची नाही, वरून विचारावं लागेल. वर कोण, तर साहेब. साहेब कुठे, तर मीटिंगमध्ये. मृणालिनीनेही गोड बोलून बघितलं, मग जरा आवाज चढवून बघितलं. पंखा फिरत राहिला आणि प्लग रिकामाच राहिला.

कमलने शामरावांना मोबाइलवरून फोन लावला. त्यांच्या मागे हळदीच्या घरातल्या बेंजोचा गोंगाट होता. पट्टी कुठपर्यंत गेली होती, असं त्यांनी विचारलं. जवळजवळ शेवटपर्यंत, असं तिने सांगितलं.

"मग झालं असेल," शामराव म्हणाले. "कार्ड पुसून टाक आणि लाग कामाला."

"असेल, की झालंय?"

"ते काय, डबा चार्ज केल्यावरच कळणार ना."

"आणि झालं नसेल तर? सकाळचे सगळे गेले. ही माणसं उद्या परत इथे येऊ शकत नाहीत, शामराव."

"मग नको पुसूस," ते म्हणाले. मागून कोणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन बंद झाला.

कमल कट्ट्यावर बसून राहिली. कार्ड पुसलं तर सगळं मोकळं, एका बटणाचं काम. पण डब्यात फोटो पोचले की नाही ते सांगायला कोणी नव्हतं. पोचले नसतील तर मघाचा तो म्हातारा, ज्याने साच्याच्या पाया पडून मग फोटो काढून घेतला, त्याला काय तोंड दाखवायचं? तिने पुसायचं नाही असं ठरवलं. मग उरला एकच मार्ग. कॅमेऱ्यातच एकेक फोटो बघायचा आणि नको असलेला काढून टाकायचा.

हे काम करायला ना जागा धड होती ना वेळ. उजेडात पडदा दिसेना म्हणून ती ओढणी डोक्यावरून घेऊन कॅमेऱ्यावर वाकली. एक फोटो, पुसू का, हो. पुढचा, पुसू का, हो. प्रत्येक वेळी कॅमेरा तोच प्रश्न विचारायचा, जणू तिच्यावर त्याचा भरवसा नव्हता. डोळे मिटलेले गेले, हललेले गेले, दोनातला एक गेला. खांद्यावरून माना लांबवून बघणाऱ्यांची गर्दी झाली. तो माझा होता, तो का काढलास, असं एकाने विचारलं. तुमचा दुसरा ठेवलाय, असं तिने सांगितलं. दुसऱ्यात माझी टोपी वाकडी आहे, असं तो म्हणाला. एकजण तर रुसून बाहेर निघाला, त्याला मृणालिनीने अर्ध्या वाटेतून परत आणलं.

एवढं करूनही जागा पुरेना. मग सकाळचे तिचे स्वतःचे फोटो उरले: रिकाम्या रांगा, छताच्या कैच्या, खडूतल्या पाळ्या. त्यांतला प्रत्येक फोटो तीन माणसांची जागा अडवून बसला होता. तिने मृणालिनीला विचारलं. मृणालिनी म्हणाली की भिंतीवर लावायला तेच होते, पण माणसांपुढे त्यांचं काय. कमलने ते एकामागून एक पुसले. अर्धवट विणलेल्या कापडाचा फोटो पुसताना तिचं बोट अडखळलं, मग तिने तोही पुसला. दर्जा खाली आणला, माणशी एकच फोटो असं जाहीर केलं, आणि दुपारची गर्दी सुरू झाली.

दुपारभर तिची भांडणंच चालली होती. डिजिटल आहे ना, मग दोन काढायला काय जातं, असं ज्याला त्याला विचारायचं होतं. पूर्वी रोल होता तेव्हा लोक स्वतःच म्हणायचे, उगाच नको, रोल जाईल. आता कुणालाच काही जाताना दिसत नव्हतं, म्हणून कुणाचाच विश्वास बसत नव्हता. समजावून समजावून तिचा घसा बसला. गुणाजी पिशवी छातीशी धरून खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या जुन्या साच्यांच्या रांगेकडे त्यांची पाठ होती. दोनदा तिने विचारलं, बाबा, तुमचा काढू का? दोन्ही वेळा त्यांनी आधी लोकांचे उरक असं सांगितलं.

आणि कुशाबा. कुशाबाने सकाळीच आपला फोटो काढून घेतला होता. तरी तो परत परत येत होता. एकदा येऊन उगाच विचारून गेला की फोटो नीट आला ना. एकदा रांगेत उभा राहिला आणि नंबर आल्यावर काही न बोलता बाजूला झाला. तिसऱ्यांदा आला तेव्हा कमलचा तोल गेला. तिने सगळ्यांदेखत सुनावलं की कुशाबाकाका, तुमचा झालाय, आता जागा नाही, माझ्या डोक्यावर बसू नका. म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. तो मुकाट्याने मागे सरला.

दिवस कलायला लागला. फाटकाकडून शिट्टी झाली, लोक बाहेर पडू लागले. शेवटच्या माणसाचा फोटो काढून कमलने पडद्यावर बघितलं. उरलेले फोटो: शून्य. एका अर्थी हिशेब बरोबर जुळला होता. तिने कॅमेरा बंद केला तर समोर परत कुशाबा उभा.

"काका, आता खरंच नाही," ती म्हणाली. आवाजात रागही उरला नव्हता.

"माझो नको गो," कुशाबा म्हणाला. "गुणाजीचो काढ. त्याच्या साच्यार. दिवसभर ताच सांगूक येतंय आणि जीभच उचलना नाय."

"ते नाही म्हणतात, काका. दोनदा विचारलं."

"माझा काय तो आयकाचो नाय. तू सांग."

कमलने वळून बघितलं. गुणाजींनी सगळं ऐकलं होतं. ते खांबापासून सुटे झाले, पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि रांगेतून चालत जाऊन एका साच्यापाशी थांबले. सगळे साचे एकसारखेच दिसत होते, पण त्यांना शोधावं लागलं नाही. त्यांनी साच्यावर हात ठेवला आणि कमलकडे न बघताच म्हणाले, "दोघांचो काढ."

कुशाबा जागचा हलेना. मग हळूहळू जाऊन गुणाजींच्या शेजारी, हातभर अंतर ठेवून उभा राहिला.

कमलच्या हातात कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यात जागा नव्हती.  आयुष्यात एवढे फोटो काढले, लोकांची लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, आणि हा एक नाही. तिने पुसण्यासारखं काही सापडतं का म्हणून भराभर मागे जाऊन बघितलं. सगळं मघाशीच पाखडून झालं होतं. उरलेल्यांत प्रत्येक माणूस एकदाच होता.

"बाबा, कोणाचा तरी एक पुसावा लागेल," ती म्हणाली.

"कोणाचो पुसू नको," गुणाजी म्हणाले.

शिट्टी परत झाली. सुपरवायझर दारात येऊन उभा राहिला. कमल मेन्यूत शिरली, एकेक पायरी खाली उतरत गेली, आणि सगळ्यात शेवटच्या, सगळ्यात हलक्या दर्जावर येऊन थांबली. या दर्जात कोणी गिऱ्हाइकाचा फोटो काढत नाही. पडद्यावरचं शून्य बदलून एक झालं.

ती हे सगळं करत होती तेव्हा ते दोघे तसेच उभे होते. तिला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. गुणाजींनी विचारलं की आडवं सूत नेणारा धोटा उजव्या अंगाला अडकायचा, ते नंतर सुधारलं का. कुशाबा नाही म्हणाला, शेवटपर्यंत तसंच राहिलं.

"तुझ्या हाताक वळण होता," तो म्हणाला. "माझ्या नाय."

गुणाजींनी साच्यावरची धूळ हाताने पुसली. दोघांमधलं हातभर अंतर कमी झालं होतं. कमलने बटण दाबलं. दुसरा काढायची सोय नव्हती. डोळे उघडे आहेत एवढं तिने बघितलं आणि सुपरवायझरने त्यांना बाहेर काढलं.

घरी आल्यावर तिने चप्पल काढायच्या आधी डबा चार्जिंगला लावला. पडदा उजळला. सकाळचे फोटो एकूण एक डब्यात होते. रिकाम्या रांगा होत्या, छताच्या कैच्या होत्या, अर्धवट कापड होतं, वाकडी नसलेली टोपीसुद्धा होती. कॉपी पुरी झाली होती. डबा बंद पडला तेव्हा तो नुसती पडताळणी करत होता. म्हणजे कार्ड तेव्हाच पुसता आलं असतं. अख्खं कार्ड मोकळं मिळालं असतं. दुपारची भांडणं नकोत, माणशी एक नको, घसा बसायला नको, आणि शेवटचा फोटो हवा तेवढा मोठा, हवा तेवढ्या वेळा.

मृणालिनीला तिने कळवलं तेव्हा ती आनंदाने हसायलाच लागली. तिच्या प्रदर्शनाच्या भिंती वाचल्या होत्या. कमलला मात्र जेवण गेलं नाही. तिला डबा उचलून आपटावासा वाटला, पण तिने तो आपटला नाही, कारण तो शामरावांचा होता. दुसऱ्या दिवशी शामरावांना सांगितल्यावर ते म्हणाले, बघ, मी म्हणालो होतो ना झालं असेल. तेव्हा मात्र तिने हातातला कागदांचा गठ्ठा टेबलावर असा आपटला की बाहेर पासपोर्ट फोटोसाठी बसलेलं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. दोन चांगली कार्डं दिल्याशिवाय यापुढे एका दिवसाचीही ऑर्डर घेणार नाही, असं तिने बजावलं आणि आतल्या खोलीत गेली. शामराव त्या दिवशी तिच्याशी जपून बोलले.

तिने परवानगीसाठी पुन्हा अर्ज करून बघितला. फक्त एक फोटो, दहा मिनिटं. उत्तर आलं नाही. पुढच्याच आठवड्यात गॅस कटरचा आवाज चाळीच्या गॅलरीपर्यंत ऐकू येऊ लागला.

तेव्हा तिने वडिलांना विचारलं की निदान चाळीच्या दारात तुम्ही दोघे परत उभे राहा, मी नीट काढते. गुणाजी पेपर वाचत होते.

"परत कशाक?" ते म्हणाले. "बोलाचा होता ता थंयच बोलान झाला."

 तिला राग आला, आणि कोणावर काढायचा तेही कळेना.

प्रती तयार झाल्या. सगळ्यांच्या मोठ्या, झकास आल्या. वडिलांचा आणि कुशाबाचा फोटो तिने चार वेगवेगळ्या आकारांत काढून बघितला. मोठा केला की चेहऱ्यांचे चौकोन दिसायचे, साचा तर नुसता करडा डाग व्हायचा. शेवटी पोस्टकार्डापेक्षाही लहान ठेवला तेव्हा कुठे माणसं माणसांसारखी दिसली. एक प्रत घरी ठेवली, एक कुशाबाच्या सुनेकडे दिली.

रविवारी सकाळी दार वाजलं. मीराबाईने उघडलं आणि ती दाराशीच थबकली. कुशाबा जिना चढून आला होता, दम लागला होता, हातात तो लहानसा फोटो होता. संपापासून त्याने या चाळीची पायरी चढली नव्हती. तो आत आला, गुणाजींकडे बघून मान हलवली आणि सरळ कमलकडे वळला.

"एवढोच?" तो म्हणाला. "माझो एकट्याचो एवढो मोठो, आणि ह्यो एवढोच? मोठो करून दी गो."

कमलने त्याला खाली बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. कार्ड किती मोठं असतं, दर्जा म्हणजे काय, जागा का संपली, डबा कसा बंद पडला. कुशाबाने सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि विचारलं की मग आता जागा झालीच आहे, तर आता मोठा का होत नाही? ती परत पहिल्यापासून सांगू लागली. तिचा आवाज चढायला लागला होता. गुणाजींनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि मीराबाईला चहा टाकायला सांगितला, चौघांचा, साखर जास्त, कुशाबा तसाच पितो म्हणून.